पीओई दाणा, २५ किलोची बॅग : दीड वर्ष वापरून लिहितोय

पाचात चार स्टार. पीओई म्हणजे प्लॅस्टिक थंडीत फुटू नये म्हणून त्यात मिसळायचा रबरासारखा दाणा. एक स्टार का कापला ते पुढे येईल, आणि त्यातली निम्मी चूक माझीच आहे हे आधीच कबूल करून टाकतो.

भोसरीत माझं छोटं प्लॅस्टिक मोल्डिंगचं युनिट आहे, तीन मशीन, त्यातलं मोठं १८० टनाचं (साचा दाबून धरायची ताकद). त्याच्यावर एका आईस्क्रीम डिस्ट्रिब्युटरसाठी ट्रे काढतो, साधारण पावणेचारशे ग्रॅमचा, वर झाकण. साधा होमो पीपी, म्हणजे दुसरं काही न जोडलेलं पॉलिप्रोपिलीन, ११ एमएफआयवाला (एमएफआय म्हणजे वितळल्यावर किती सहज वाहतं त्याचा आकडा, जास्त म्हणजे पातळ), जो अर्धी भोसरी वापरते तोच. पहिल्या लॉटला काही त्रास नाही. डिसेंबरात फोन आला की "अहो तुमचे ट्रे बिस्किटासारखे तुटतायत", आणि मागोमाग व्हॉट्सअ‍ॅपवर अकरा फोटो. कोपरे उडालेले, एकाचा तर अख्खा तळ बाजूला. मी नेहमीप्रमाणे पहिल्यांदा हमालाला दोष दिला, मग ऑपरेटरला विचारलं ग्राइंडिंग, म्हणजे दळलेला जुना माल, किती टाकलंस, तो म्हणाला शेठ अजिबात नाही, आणि खरंच नव्हतं टाकलं.

शेवटी एक ट्रे घरी आणला, आडवा मावेना म्हणून फ्रीझरचा कप्पा काढून तिरका कोंबला आणि रात्रभर ठेवला. बायको म्हणाली आता प्लॅस्टिकचं पण आईस्क्रीम करणार का. सकाळी बाहेर काढून ओट्याच्या उंचीवरून कोपऱ्यावर सोडला, फट्ट करून दोन तुकडे. तसाच दुसरा ट्रे, त्याच लॉटचा, बाहेर ठेवलेला, त्याच्यावर मी ८२ किलोचा माणूस उभा राहिलो तरी नुसता वाकला. म्हणजे माल खराब नव्हता, थंडीत त्याचा स्वभाव बदलत होता.

हे ज्यांना माहितीय त्यांनी पुढचा पॅरा सोडा. प्रत्येक प्लॅस्टिकचं एक तापमान असतं ज्याच्याखाली गेलं की ते काचेसारखं वागायला लागतं, आतल्या साखळ्या हलायच्या बंद होतात. होमो पीपीचं ते तापमान शून्य ते उणे १० च्या आसपास आहे. आणि आईस्क्रीमचं कोल्ड स्टोअरेज असतं उणे १८ ला किंवा त्याच्याही खाली. म्हणजे आम्ही बिचाऱ्या डिस्ट्रिब्युटरला काचेचे ट्रे दिले होते आणि वर सांगत होतो की जपून टाका. पुण्याच्या हवेत हे कधी कळतच नाही, आपली थंडी म्हणजे काय, शेकोटी आणि मफलर.

आता इथे कोणीतरी विचारणारच की मग एचडीपीई, म्हणजे कडक पॉलिथिन, का नाही वापरलं. बरोबर प्रश्न आहे, एचडीपीई थंडीत पीपीपेक्षा खूप चांगलं राहतं. पण डाय, म्हणजे साचा, पीपीसाठी कापलेली. थंड होताना पीपी दीड ते दोन टक्के आटतं, एचडीपीई दोन ते तीन. ट्रायल घेतली, ट्रे सुंदर निघाला आणि झाकण बसेना. नवीन डायचे पैसे डिस्ट्रिब्युटर देणार नाही आणि माझ्याकडे नाहीत, विषय संपला. तेव्हा पीपीच चिवट करायचं हे ठरलं, आणि प्लॅस्टिक चिवट करायचा शंभर वर्षांच्या आसपास चालत आलेला एकच देशी-विदेशी उपाय आहे, त्यात रबर मिसळा.

रबर मिसळा म्हणणं सोपं आहे. मी आधी जे घेतलं ते पीओई नव्हतंच. एका कंपाउंडरकडून, म्हणजे प्लॅस्टिकमध्ये इतर माल मिसळून दाणा विकणाऱ्याकडून, नाव लिहीत नाही, 'टफनर' म्हणून पांढरा दाणा घेतला, स्वस्त होता, पाच टक्के टाका म्हणाला. टाकला. ट्रे दिसायला जास्त पांढरा झाला आणि फ्रीझरमधून काढून टाकल्यावर आधीपेक्षा जास्त जोरात फुटला. मग डोकं चालवलं आणि थोडा दाणा पाण्याच्या ग्लासात टाकला. तळाला जाऊन बसला! आता पीपी पाण्यावर तरंगतं, पॉलिथिन तरंगतं, हे रबर तर सगळ्यात हलकं, मग बुडलं कोण? चमच्यात घेऊन जाळला तर मागे पांढरी राख राहिली, भरपूर. खडू. म्हणजे मी रबराच्या भावात खडूची पावडर आणि कुठलं तरी पॉलिथिन विकत घेतलं होतं. भांडायला गेलो नाही, अर्धी बॅग अजून पडून आहे, शेडच्या दाराला अडण म्हणून उपयोगी पडते.

तर पहिली टिप ही घ्या. पाण्यात बुडला तर घेऊच नका. आणि तरंगला तरी खूष होऊ नका, कारण साधं पॉलिथिनपण तरंगतं. पुढची परीक्षा सॅनिटायझरची, जेलवालं नाही, पाण्यासारखं पातळ, ७० टक्के इथेनॉल लिहिलेलं. त्याची घनता ०.८८ च्या जवळ येते. पीपी ०.९० ची, ती बुडते. एलडीपीई, म्हणजे साधं मऊ पॉलिथिन, ०.९२, तेही बुडतं. पीओई ०.८७ च्या आसपास, ते वर राहतं. कोविडमध्ये घेतलेल्या पाच लिटरच्या कॅनचा याच्याइतका चांगला उपयोग मला अजून सापडलेला नाही. दाणा आधी बोटाने चोळून ओला करा, नाहीतर बुडबुडे चिकटून सगळंच तरंगतं आणि मग तुम्ही मला शिव्या द्याल.

दुसरा सल्ला शेजारच्या गाळ्यातून आला. टायरचा चुरा टाक, रबरच आहे की, फुकटात मिळतो. प्रेमाने दिलेला सल्ला होता म्हणून एक शॉट काढून पाहिला. काळे ठिपके ठिपके आणि हाताने वाकवला तरी ठिपक्यापासून तडा सुरू. कारण टायरचं रबर आधीच गंधकाने जोडलेलं असतं, ते परत वितळत नाही, बारीक होत नाही. चुऱ्याचा कण शेकडो मायक्रॉनचा आणि पीपीला तो चिकटतही नाही, म्हणजे आपण प्लॅस्टिकमध्ये रबर नाही, भोकं भरली. पायपुसणी करायला, रस्त्याच्या डांबरात टाकायला टायरचा चुरा उत्तम असेल, माझी तक्रार नाही, पण ट्रेमध्ये नको.

आता मूळ मालावर येतो. पीओई म्हणजे पॉलिओलेफिन इलास्टोमर, इथिलीनच्या साखळीला मधे मधे ऑक्टीन किंवा ब्यूटीन जोडून केलेलं, १९९० च्या दशकात मेटॅलोसीन कॅटॅलिस्ट (साखळी नेमकी जुळवणारं रसायन) आल्यावर बाजारात आलं. त्याच्या आधी पीपी चिवट करायला ईपीडीएम रबर वापरायचे, ते येतं विटांसारख्या गठ्ठ्यात, तुकडे करा, मोठ्या मिक्सरमध्ये घाला, आपल्यासारख्या तीन मशीनवाल्याने त्याचं करायचं काय. पीओई सरळ दाण्यात येतं. हीच त्याची मोठी सोय, ताजव्यात मोजा, ड्रममध्ये पीपीबरोबर फिरवा, हॉपरमध्ये, म्हणजे मशीनवरच्या नरसाळ्यात, ओता. बॅगेवरची कंपनी मुद्दाम लिहीत नाही कारण तीनचार कंपन्यांचा माल वापरून झालाय, ग्रेड बरोबर असेल तर मला फरक जाणवला नाही, म्हणून हा रिव्ह्यू दाण्याच्या जातीचा समजा.

दिसायला साबुदाण्यासारखा, अर्धपारदर्शक, हातात घेतला की मऊ आणि थोडासा चिकट. नखाने दाबला तर खळगा पडतो आणि परत भरतो. वास जवळजवळ नाही.

हा आत जाऊन करतो काय, हे मला एका पॉलिमरवाल्या ओळखीच्या सरांनी सांगितलं आणि मी माझ्या भाषेत सांगतो. ट्रे कोपऱ्यावर पडला की तिथे एक बारीक तडा जन्माला येतो. साध्या प्लॅस्टिकमध्ये त्याला मोकळा रस्ता आहे, तो सरळ पळत सुटतो आणि दुसऱ्या टोकाला पोचल्यावरच थांबतो, तोपर्यंत तुमचे दोन तुकडे झालेले असतात. रबराचे थेंब म्हणजे त्या रस्त्यावर हजारो नातेवाईकांची घरं. प्रत्येक ठिकाणी थांबवून चहा पाजला की त्याचा दम तिथेच संपतो. नीट सांगायचं तर मऊ थेंबाभोवती ताण गोळा होतो, पीपीमध्ये थेंब आतून फाटून पोकळी होते आणि आजूबाजूचं प्लॅस्टिक तुटण्याऐवजी ताणलं जातं, आणि ताणायला ताकद खर्च होते. एका मोठ्या तड्याऐवजी ती ताकद लाखो छोट्या जागी वाटली जाते. चिवट प्लॅस्टिक वाकवल्यावर तिथे पांढरं पडतं ना, ते हेच, आत झालेल्या बारीक बारीक पोकळ्या. मला वर्षानुवर्षं वाटायचं पांढरं पडलं म्हणजे माल हलका. उलटं निघालं, पांढरं पडतंय म्हणजे माल तुमच्यासाठी मार खातोय.

फक्त एवढं की रबर स्वतः त्या थंडीत मऊ राहायला पाहिजे. पीओई उणे ५० च्या आसपासपर्यंत रबरच राहतं म्हणून आपलं उणे २० त्याच्या खिजगणतीत नाही.

आणि थेंब बारीक पाहिजेत. पीपीमध्ये एक मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून लहान, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीत पन्नासच्या वर बसतील असे. किती टक्के टाकलं यापेक्षा ते किती बारीक पसरलं यावर सगळा खेळ आहे, आणि माझी पहिली माती इथेच झाली.

पहिली बॅग घेतली ती १ एमएफआयची. विक्रेता म्हणाला एमएफआय कमी म्हणजे ताकद जास्त, मी मान डोलावली. १५ टक्के टाकून ट्रे काढले, गेटपाशी, म्हणजे प्लॅस्टिक साच्यात शिरतं तिथे, ट्रेची साल निघायला लागली, अक्षरशः करंजीच्या पापुद्र्यासारखी. कारण घट्ट रबर पातळ पीपीमध्ये फुटतच नाही, त्याचे लांब लांब पट्टे होतात. आपल्या इंजेक्शन मशीनचा स्क्रू काही मिक्सर नाही, तो ढकलायचं काम करतो. श्रीखंड करताना घट्ट चक्क्यात साखर एकदम टाकून दोन वेळा चमचा फिरवला तर काय होईल, तेच. दोघांचा पातळपणा जवळपास सारखा असला तर थेंब आपोआप बारीक होतात.

मग ११ एमएफआयचं पीओई शोधायला निघालो, तिथे दुसरा खड्डा. पीपीचा एमएफआय २३० डिग्रीला मोजतात आणि पीओईचा १९० ला! दोन आकडे शेजारी ठेवून बघायचेच नसतात. पीओईचा ५ एमएफआय २३० वर मोजला तर साधारण दुपटीच्या जवळ जातो, म्हणजे आमच्या ११ ला तो ५ वालाच शोभतो. हे कुठल्याही डेटाशीटवर बारीक अक्षरात असतं, तापमान लिहिलेलं असतं, आपण वाचत नाही. ५ वाला आणला, बॅक प्रेशर (स्क्रूवरचा उलटा दाब) थोडं वाढवलं, स्क्रूचा स्पीड वाढवला, पापुद्रे गायब. ही निम्मी माझी चूक म्हटली ती ही, पण विकणाऱ्याने एका वाक्यात सांगायला काय जात होतं.

दुसरा किस्सा ऐकाच. आदल्या दिवशी त्याच मशीनवर एबीएस या दुसऱ्या प्लॅस्टिकचा जॉब होता, एबीएस ८० डिग्रीला दोनतीन तास सुकवावं लागतं. पोराने रात्रपाळीला हॉपर ड्रायर तसाच ८० वर चालू ठेवला आणि आमचं पीपी-पीओई मिक्स वर ओतलं. या पीओईचा वितळबिंदू ६० च्या आसपास आहे. सकाळी आलो तर मशीन बंद आणि हॉपरमध्ये एक मोठा लाडू, पीपीचे दाणे रव्यासारखे आणि पीओई पाकासारखं. बत्ता आणि छिन्नी घेऊन अडीच तास लागले काढायला. पीपीला सुकवायची गरज नाही, पीओईलाही नाही, ड्रायर बंदच ठेवायचा. आता हॉपरवर खडूने लिहिलंय 'हीटर बंद', आणि खाली कोणीतरी 'लाडू मिळतील' असं लिहून ठेवलंय, मी पुसलेलं नाही.

आता निकाल. प्रत्येक मिक्सचे दहा ट्रे, एक रात्र डिस्ट्रिब्युटरच्याच कोल्ड रूममध्ये उणे २० ला, आणि बाहेर काढून लगेच छातीच्या उंचीवरून, सव्वा मीटर धरा, फरशीवर कोपऱ्यावर सोडायचे. हे काही लॅबचं टेस्टिंग नाही, आयझॉड या आघाताच्या टेस्टचा खाच पाडलेला नमुना वगैरे काही नाही, पण ट्रे लॅबमध्ये पडत नाहीत, गाडीतून पडतात. साध्या होमोचे दहातले नऊ फुटले. १० टक्के पीओईला पाच. १५ टक्क्यांना एक, तोही नुसता चिरला. २० टक्क्यांना एकही नाही, आणि एक ट्रे हमालाने आमच्याकडे रागाने बघत मुद्दाम आपटला तरी नाही. तो आवाजच बदलतो, फट्ट ऐवजी धप्प येतो. १० आणि १५ मधली उडी बघा, हे सरळ रेषेत वाढत नाही, एका जागी एकदम गाडी वळते.

ते असं का होतं याचं उत्तर मला फार आवडलं. १९८५ मध्ये ड्यूपाँट कंपनीतल्या एस. वू नावाच्या संशोधकाने नायलॉन-रबरवर दाखवलं होतं की महत्त्व दोन थेंबांमधल्या अंतराला आहे. मधली प्लॅस्टिकची भिंत साधारण ०.३ मायक्रॉनपेक्षा पातळ झाली की माल एकदम ठिसूळचा चिवट होतो, जाड राहिली तर नाही. हा आकडा नायलॉनचा आहे, पीपीचा वेगळा, पण हिशोब तोच. म्हणून तेवढंच रबर बारीक पसरवलं तर कमी टक्क्यात काम होतं, आणि म्हणून माझी पापुद्र्यावाली बॅग १५ टक्के टाकूनही वाया गेली.

तर मग पाच स्टार का नाही. कारण चिवटपणा फुकट मिळत नाही, त्याची किंमत कडकपणाने मोजावी लागते. होमो पीपीचा फ्लेक्स मॉड्युलस, म्हणजे वाकायला होणारा विरोध, १५०० मेगापास्कलच्या वर असतो, तो खाली येतो आणि चांगलाच खाली येतो. २० टक्क्यांचे ट्रे भरून आठावर आठ रचले तर खालचा ट्रे पोट काढतो, झाकण मधे बसतं. डिस्ट्रिब्युटरचा परत फोन. शेवटी १५ वर आलो आणि तळाला दोन रिब (आधाराच्या पट्ट्या) वाढवल्या, डायमध्ये खोबण मारायचं काम असल्यामुळे ते स्वस्तात झालं. काही लोक कडकपणा परत आणायला टाल्क (शंखजिऱ्याची पावडर) टाकतात, गाडीचे बंपर असेच असतात, पीपी, रबर आणि टाल्क, चाकणच्या बाजूला ज्यांचं काम चालतं त्यांना हे मी सांगायला नको. पण टाल्क आपल्या हाताने हॉपरमध्ये टाकायची वस्तू नाही, ते कंपाउंड करूनच घ्या.

सायकल टाइम, म्हणजे एक ट्रे काढायचा वेळ, चारपाच सेकंदाने वाढला, कारण ट्रे गरम असताना मऊ राहतो आणि तो बाहेर ढकलणाऱ्या इजेक्टर पिन आत रुततात. नॅचरल रंग दुधाळ होतो. भाव म्हणाल तर पीपीच्या दीडपटीच्या पुढे, आणि खाली यायची फार आशा ठेवू नका, सोलर पॅनलच्या आत काच आणि सेल चिकटवायच्या फिल्मलाही पीओई लागतं, आपण त्या रांगेत अगदी शेवटी उभे आहोत.

आणि आता ती गोष्ट जी मला पहिल्या दिवशी कोणी सांगितली असती तर निम्मा रिव्ह्यू लिहायची वेळ आली नसती. बाजारात पीपीसीपी, म्हणजे पीपी कोपॉलिमर, मिळतं, सगळ्यांना माहीत आहे, खुर्च्या, बॅटरीचे डबे, बादल्या त्याच्याच. मी वीस वर्षं त्याला 'जरा भारी पीपी' समजत होतो. ते म्हणजे रिअ‍ॅक्टरमध्येच रबर घातलेलं पीपी आहे! आधी प्रोपिलीनचा दाणा तयार करतात, मग दुसऱ्या रिअ‍ॅक्टरमध्ये इथिलीन सोडतात आणि त्या दाण्याच्या आतच इथिलीन-प्रोपिलीनचं रबर तयार होतं. मिसळायची भानगड कंपनीनेच मिटवलेली, आणि आपल्या स्क्रूने कधी जमणार नाही इतकं छान पसरलेलं. नुसत्या पीपीसीपीचे दहातले दोन फुटले. पीपीसीपीमध्ये ७ टक्के पीओई टाकलं तर शून्य, आणि ट्रे १५ टक्केवाल्या होमोपेक्षा कडक. आता आम्ही हेच चालवतो. पीओई निम्मं लागतं, हिशोब होमोच्या मिक्सच्या जवळपास बसतो, पोट पण काढत नाही. म्हणजे पीओईचा सगळ्यात चांगला उपयोग थोडं टाकण्यात आहे, विकणारा हे सांगणार नाही कारण त्याला बॅगा विकायच्यात.

मला ग्रुपवर विचारतात की हेच नायलॉनमध्ये टाकलं तर चालेल का, एबीएसमध्ये चालेल का. नाही. पीओई आणि पीपी भाऊबंद आहेत, दोघं तेलकट स्वभावाचे, म्हणून नुसतं मिसळून भागतं. नायलॉनला साधं रबर चिकटतच नाही, तेलपाणी होतं. त्याला रबराच्या साखळीवर मॅलेइक अनहायड्राइड बसवलेला ग्रेड लागतो, ते टोक नायलॉनच्या अमाइन टोकाला पकडतं, हात धरल्यासारखं. ड्यूपाँटने १९७० च्या दशकात याच युक्तीने सुपर टफ नायलॉन काढलं होतं. तो ग्राफ्टेड दाणा वेगळा मिळतो, महाग आहे, आणि साधा देऊन ग्राफ्टेडचे पैसे घेणारेही आहेत.

एबीएस तर जन्मापासूनच रबरवालं आहे, त्यातला बी म्हणजे ब्यूटाडाइन. पॉलिस्टायरीनचंही तसंच, जीपी म्हणजे तो कडक पारदर्शक, टिचकी मारली की तडा, आणि हिप्स म्हणजे त्यातच पाचदहा टक्के ब्यूटाडाइन रबर घालून बनवलेलं, तुमच्या फ्रिजच्या आतली पांढरी भिंत बहुतेक तीच. आपल्या रायगडात नागोठण्याला सुप्रीम पेट्रोकेमचा पॉलिस्टायरीनचा मोठा प्लांट आहे, मुंबई-गोवा हायवेने कोकणात जाताना आपण त्या बाजूनेच जातो. गंमत म्हणजे पॉलिस्टायरीनला थेंब मोठे लागतात, दोनतीन मायक्रॉनचे, अगदी बारीक केले तर उपयोग होत नाही. प्रत्येकाचा गुण वेगळा, एकाचं औषध दुसऱ्याला देऊ नका. आणि ब्यूटाडाइनवाला माल उन्हात ठेवू नका, त्या रबरात डबल बाँड असतात, ऊन आणि हवेने ते आधी जातात, रंग पिवळा पडतो आणि चिवटपणा निघून जातो, गच्चीवर ठेवलेलं एबीएसचं काहीही आठवून बघा. पीओईमध्ये ते डबल बाँड नसतात, त्या बाबतीत ते सरस आहे, तरी उघड्यावर ठेवायच्या मालाला यूव्हीचा मास्टरबॅच, म्हणजे उन्हापासून वाचवणारा दाणा, टाकाच, कारण पीपी स्वतःच उन्हाला घाबरतं.

खाण्याच्या वस्तूचं विचाराल तर आमच्या ट्रेला आईस्क्रीम थेट लागत नाही, आत कप आणि कोन असतात. तरी फूड ग्रेडचं पत्र ग्रेडच्या नावानिशी मागून घ्या, 'चालतं हो' वर विश्वास ठेवू नका. पीपीसाठी आयएस १०९१० हे भारतीय मानक आहे, डिस्ट्रिब्युटरच्या ऑडिटवाल्यांनी आमच्याकडे तेच विचारलं.

रनरचं, म्हणजे साच्याच्या वाटेत उरलेल्या प्लॅस्टिकचं, ग्राइंडिंग १५ टक्क्यांपर्यंत परत टाकतो, थंडीच्या टेस्टमध्ये फरक दिसला नाही. त्याच्या वर गेलो नाही.

ज्यांचा माल खोलीच्या तापमानातच वापरला जातो त्यांनी हे घेऊ नये, पीपीसीपी पुरे. ज्यांना एकदम कडक वस्तू पाहिजे, हँगर, क्लिप, वगैरे, त्यांनीही नको. थंडीत जाणारं, उंचावरून पडणारं, आपटणारं काही असेल तर एक बॅग घेऊन बघा, पण एक टन एकदम घेऊ नका, आधी ट्रायल.

आणि पत्र्याच्या शेडवाल्यांसाठी, एप्रिल-मेमध्ये बॅगा एकावर एक चारपेक्षा जास्त रचू नका. गेल्या उन्हाळ्यात आमच्या तळाच्या दोन बॅगांची वीट झाली होती, आपटून सुटली म्हणून बरं. आता जमिनीवर पॅलेट, भिंतीपासून लांब, आणि उघडलेल्या बॅगेचं तोंड सुतळीने बांधून, आणि तरीही दुपारी दोनला हॉपरच्या गळ्याशी दाणा अडतो, तेव्हा पोराला एक लाकडी दांडकं दिलंय, बाहेरून टकटक करायला.